श्रमदानाचा दिवस : एक जमाखर्च

परदेशी जाऊन तेथील लोकांसाठी घर, शाळा किंवा दवाखाना बांधण्याच्या कामी स्वखर्चाने राबणारे तरुण आज अनेक देशांत आढळतात. त्यांच्या सेवाभावाविषयी पुष्कळ लिहिले जाते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो : अशा एका दिवसाची नोंद वहीत कशी करावयाची? पैशात मोजता येईल तोच व्यवहार पुस्तकात लिहावा, हा आपला पहिला पाठ. फुकट श्रमाची पावती फाटत नाही. म्हणून त्याचा जमाखर्च मांडूच नये काय? प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम नावे बाजू पाहू. समजा, एक परदेशी विद्यार्थी विमानभाड्यासह ९०,००० रुपये खर्च करून येतो आणि दहा दिवस विटा वाहतो. स्थानिक मजुराची रोजी ६०० रुपये धरली, तर तेवढ्याच रकमेत १५० दिवसांचे काम झाले असते. शिवाय विटा वाहण्यात मजूर त्याच्याहून तरबेज. निव्वळ आकड्यांनी पाहता हा व्यवहार तोट्याचा ठरतो.

आता जमा बाजू. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील व्हर्दंचा परिसर उद्ध्वस्त झाला. १९२० साली पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने तेथील एका खेड्यात घरे उभारण्यासाठी निरनिराळ्या देशांतील मूठभर माणसे नेली. त्यांत जर्मनही होते. गवंडी फ्रान्समध्येही मिळाले असते. पण कालच्या शत्रूने फ्रेंच शेतकऱ्याच्या दारी येऊन भिंत रचावी, हे काम मजुरी देऊन करून घेता आले नसते. याच उपक्रमातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना वाढली. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाल्यावर सेरेसोल सहकाऱ्यांसह तेथे आला आणि पुराच्या तोंडी सापडलेली गावे उंच जागी वसविण्याच्या कामाला लागला.

पुढे याच संघटनेचे स्वयंसेवक बाबा आमटे यांच्या आनंदवनात आले. वरोऱ्याजवळची ही वसाहत १९५१ साली सुरू झाली. कुष्ठरोग्याची सावलीही नको, असे मानणाऱ्या समाजात परदेशी तरुण रुग्णांच्या बरोबरीने बांधकाम करू लागले. तेथे भिंतीइतकेच त्या सहवासाचे मोल होते. मजुरीने जे विकत मिळत नाही, तेच श्रमदानाची खरी जमा.

ही कसोटी मला पुस्तकात सापडली नाही. हैदराबादजवळच्या एका खेड्यात आमचे शिबिर होते. शाळेची कुंपणभिंत बांधावयाची होती. आम्ही रांग धरून विटा पोहोचविल्या, घमेली उचलली आणि हौसेने दोन थरही रचले. मेस्त्रीने ओळंबा लावून पाहिला, काही न बोलता ते दोन्ही थर उतरविले आणि पुन्हा रचले. दुसऱ्या दिवशी दोन बाया कडेला बसून आमचे काम पाहत होत्या. त्यांतील एकीने विचारले, ‘‘रेपु कूडा वस्तारा?’’ उद्याही येणार का? कौतुकाने विचारते आहे असे समजून मी उत्साहाने होकार दिला. ती काही बोलली नाही. मेस्त्री मात्र हळूच म्हणाला, की एरवी विटा वाहण्याचे काम या दोघींचे. तुम्ही आल्यापासून त्यांचा रोज बुडाला.

अर्थशास्त्रात संधी खर्चाची व्याख्या मी पाठ केली होती. तो खर्च पदर सावरून समोर बसलेला मी प्रथमच पाहिला. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक जमेला कोठे तरी नावे असतेच. आमच्या दानाचे नावे त्या दोघींच्या खात्यावर पडले होते, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

मग श्रमदान करूच नये काय? तसे नाही. हैदराबादेहून सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या खम्मम येथे १९८३ साली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने भारतातील कार्य सुरू केले. तिची मूळ पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. घर फुकट द्यावयाचे नाही. नफा व व्याज न घेता हप्त्यांनी फेड घ्यावयाची आणि त्या पैशातून पुढच्या कुटुंबाचे घर बांधावयाचे. शिवाय कुटुंबाने स्वतः बांधकामात राबावयाचे. हे त्याचे घामाचे भांडवल. येथे बाहेरून आलेला स्वयंसेवक दाता नसून भागीदाराचा मदतनीस असतो; घरमालकाचा भाग घरमालकाच्याच नावावर जमा होतो.

यावरून श्रमदानाला जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे काम मजुरीने होण्यासारखे असता आपण कोणाची रोजी तर घेत नाही ना? ज्यांच्यासाठी काम, त्यांचा त्यात वाटा आहे काय? आणि पैशाने मिळणार नाही असे आपण काय देत आहोत?

तिसऱ्या दिवशी आम्ही मेस्त्रीला दुसरे काम मागितले. शाळेमागच्या मैदानातील दगड व काटेरी झुडपे काढण्याचे काम पैशांअभावी रखडले होते. ते आम्ही केले. भिंतीवर त्या दोघी परतल्या. मैदान साफ झाले, भिंतही पुरी झाली. परंतु त्यांच्या दोन दिवसांच्या बुडालेल्या रोजीची भरपाई झाली नाही. शिबिराच्या अहवालात तिची नोंद नाही. म्हणून ती येथे केली आहे.