हंगामी म्हणजे काय?



हंगाम हा शब्द आपल्या गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. ज्वारीचा हंगाम, कापसाचा हंगाम, आंब्याचा हंगाम. आणि सर्वांत मोठा म्हणजे साखर कारखान्याचा गळीत हंगाम. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, मुकादमाचा ट्रक येतो आणि गावातली पुष्कळ घरे बंद होतात. पट्टा पडला की माणसं परत येतात. गुरुजी म्हणाले, हा शब्द फारसीतून आला. तिकडेही त्याचा अर्थ वेळ, काळ असाच आहे.

आमच्या चौथीची मॉनिटर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. तेव्हा गुरुजी मला म्हणाले, "ती येईपर्यंत तू हंगामी मॉनिटर." सगळी मुलं हसली. आंबा हंगामी असतो, माणूस कसा हंगामी असेल? म्हणून मी या शब्दाचा अभ्यास केला. तो पुढे दिला आहे.

आपल्या देशाला दोनदा हंगामी पंतप्रधान मिळाले आणि दोन्ही वेळा माणूस एकच होता. त्यांचे नाव गुलझारीलाल नंदा. त्यांचा जन्म 1898 साली सियालकोट येथे झाला. 1922 पासून 1946 पर्यंत ते अहमदाबादला गिरणी कामगारांच्या मजूर महाजन या संघटनेचे चिटणीस होते. नंतर मुंबई राज्याचे मजूरमंत्री झाले आणि पुढे देशाचे गृहमंत्री झाले.

27 मे 1964 रोजी पंडित नेहरू वारले. पंतप्रधान गेले म्हणून देशाचे काम थांबत नाही. कागदांवर सह्या लागतात, सैन्याला हुकूम लागतात. पण नवा पंतप्रधान एका दिवसात ठरत नाही. पक्षाच्या खासदारांना बसून नेता निवडावा लागतो. म्हणून राष्ट्रपतींनी त्याच दिवशी नंदांना शपथ दिली. 9 जूनला लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले आणि नंदांनी जागा सोडली.

पुढे 11 जानेवारी 1966 रोजी शास्त्रीजी ताश्कंदला वारले. आदल्याच दिवशी त्यांनी पाकिस्तानबरोबरच्या करारावर सही केली होती. पुन्हा नंदांना बोलावले. या वेळी नेता निवडायला मतदान झाले. इंदिरा गांधींना 355 आणि मोरारजी देसाईंना 169 मते पडली. 24 जानेवारीला इंदिराजींनी शपथ घेतली.

मी बोटांवर मोजले, तर दोन्ही वेळा तेरा-तेरा दिवस आले. हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "घरात माणूस गेल्यावर तेरा दिवस कुणीतरी घर धरून ठेवावंच लागतं की."

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, दोन्ही वेळा ती खुर्ची सोडल्यावर नंदा पुन्हा गृहमंत्री म्हणून कामाला लागले. सर्वांत वरच्या जागेवर बसून खाली उतरायचं आणि जुनं काम करायचं, हे मला तरी सोपं वाटत नाही. 1997 साली त्यांना भारतरत्न मिळाले. 1998 च्या जानेवारीत ते वारले, तेव्हा ते 99 वर्षांचे होते.

राष्ट्रपतीही हंगामी असतात. 1969 साली राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले, म्हणून उपराष्ट्रपती गिरी यांनी काम पाहिले. मग गिरींना स्वतःच निवडणुकीला उभे राहायचे होते, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आता राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही! तेव्हा सर न्यायाधीश हिदायतुल्ला यांनी 20 जुलै ते 24 ऑगस्ट हे काम केले आणि नंतर परत न्यायालयात गेले.

आता आमच्या वर्गाचे. आमची मॉनिटर गावी राहू शकली असती. पण तिचा भाऊ दोन वर्षांचा आहे. आईवडील फडात गेल्यावर कोपीवर त्याला कोण पाहणार? म्हणून ती गेली. जाताना गुरुजींनी तिला शिक्षण हमी कार्ड दिले. ते दाखवले की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते.

परिपाठाला ओळी लावणे, फळ्यावर तारीख आणि पट लिहिणे, खिचडीच्या वेळी लहान मुलांना आधी वाढून घेणे ही माझी कामे. मुलं म्हणतात, "ती काय आता लवकर येत नाही, तूच कायमची हो." काहीजण म्हणतात झाडलोटीचे गट बदल, आम्हाला मैदान नको. मी गुरुजींना विचारलं, हंगामी मॉनिटरने काय बदलावं? ते म्हणाले, "जे थांबत नाही ते कर. जे थांबू शकतं ते तिच्यासाठी ठेव." म्हणून गट तिचेच ठेवले. फक्त एका गटातली दोन मुलंही उसाला गेली, तिथे दोघंच उरले. दोघांना मैदान आवरत नाही, म्हणून तिथे एक मुलगी वाढवली. ते तारखेसह वहीत लिहून ठेवलं आहे. असं जे जे बदलतं ते त्या वहीत लिहिते. ती आली की वही तिच्या हातात देणार.

रविवारी ती वडिलांच्या मोबाईलवरून आम्हाला फोन करते. कारखान्याजवळच्या शाळेत ती शेवटच्या ओळीत बसते, म्हणाली. भाऊ आजारी असला की तिला शाळेत जाता येत नाही. पण भागाकार तिकडे आमच्या आधी शिकवून झाला. परवा तिने मला फोनवरच एक उदाहरण घातले, बाकी उरणारे. ते मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले आणि खाली तिचे नाव घातले. अजून तिघांनाच ते सुटले आहे.