माळरानावरचे मुक्काम
स्विफ्ट करंटच्या आसपास तंबू ठोकताना शिकलेले धडे

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातलं स्विफ्ट करंट हे जेमतेम सतरा हजार वस्तीचं शहर. ट्रान्स-कॅनडा महामार्गावर वसलेलं, चारही बाजूंना गहू, मसूर, मोहरीसारखी पिवळी कॅनोला आणि गुरांची कुरणं. नोकरीच्या निमित्तानं इथं येणारी आपली मराठी कुटुंबं पहिल्या लाँग वीकएंडला गाडी काढतात आणि थेट पश्चिमेला निघतात. कॅलगरी पाचशे किलोमीटर, बॅन्फ त्याच्याही पुढे. दोन दिवस रस्त्यात जातात. डोंगर सुंदर आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण "इथं पाहण्यासारखं काही नाही" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. इथल्या माळावर काढलेल्या उन्हाळ्यांनी मला जे शिकवलं, ते क्रमानं मांडते.

१. पहिला मुक्काम तासाभराच्या आत असावा

नवा तंबू, नवी शेगडी, लहान मुलं हे सगळं घेऊन पहिल्याच खेपेला लांब जाऊ नये. चार नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर सस्कॅचेवान लँडिंग हे प्रांतिक उद्यान आहे. शुक्रवारी काम आटोपून निघालं, तरी उजेडात तंबू उभा राहतो. काही राहिलंच, तर घर जवळ असतं.

सपाट शेतांमधून जाणारा रस्ता अचानक खाली उतरतो आणि समोर डीफेनबेकर तलावाचं निळं पाणी दिसतं. साउथ सस्कॅचेवान नदीवर बांधलेलं गार्डिनर हे मातीचं धरण १९६७ साली पूर्ण झालं आणि त्यामागे दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीचा जलाशय तयार झाला. त्याआधी लँडिंगच्या याच ठिकाणी नदी ओलांडायची वाट होती. रेल्वेचं स्टेशन स्विफ्ट करंटला आणि वसाहत उत्तरेला बॅटलफर्डला, त्यामुळे मालाच्या गाड्या इथूनच पार व्हायच्या. माउंटेड पोलिस दलातून बाहेर पडलेल्या फ्रँक गुडविन यांचं दगडी घर अजून उभं आहे आणि उद्यानाचं माहिती केंद्र त्यातच आहे. मुलांना आधी तिथं न्यावं, पोहायला नंतर.

२. उन्हाळ्याची तयारी हिवाळ्यातच सुरू होते

प्रांतिक उद्यानांची आरक्षणं उन्हाळ्याच्या कितीतरी आधी खुली होतात, आणि प्रत्येक उद्यानाची तारीख वेगळी असते. त्या दिवशी सकाळी संगणकासमोर रांग लावावी लागते. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार, त्यातही पाण्याकाठच्या आणि वीजजोडणीच्या जागा, आधी संपतात. जागेचं भाडं आणि गाडीचा प्रवेश परवाना हे दोन वेगळे खर्च आहेत, तेही लक्षात ठेवावं. राष्ट्रीय उद्यानांचं आरक्षण केंद्राच्या वेगळ्या व्यवस्थेतून होतं.

जागा मिळाली नाही म्हणून घरी बसू नये. सस्कॅचेवानमध्ये प्रादेशिक उद्यानांची स्वतंत्र परंपरा आहे. आसपासची गावं मिळून ती चालवतात. शहराच्या नैऋत्येला, दरीत दडलेला लाक पेलेटिए हा तलाव त्यांपैकीच एक. उद्यान लहान आणि घरगुती. शेजारच्या साइटवरचे आजोबा तुम्हाला मासे कुठे लागतात ते स्वतःहून सांगतात. मात्र गळ टाकण्यापूर्वी मासेमारीचा परवाना काढावा. सोळा वर्षांवरील बहुतेकांना तो लागतो.

मे महिन्यातला लाँग वीकएंड मी टाळते. रात्री पारा शून्याला टेकू शकतो. माझ्या मते इथला सगळ्यात चांगला महिना सप्टेंबर. डास ओसरलेले, गवत सोनेरी झालेलं, शाळा सुरू झाल्यानं जागा मोकळ्या.

३. वाऱ्याचा मान राखा

माळावरचा खरा यजमान वारा आहे. तो दिवसभर वाहतो आणि त्याला अडवायला काही नाही. म्हणून उंच, भपकेबाज तंबूपेक्षा बुटका, घुमटाकार तंबू बरा. दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला असावं. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या घट्ट, कोरड्या जमिनीत वाकतात. जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी वेगळी घ्यावी. हवा शांत असली तरी सगळे तणावे ताणून बांधावेत, कारण जुलैतली वादळं संध्याकाळी अर्ध्या तासात उभी राहतात.

या वादळांबरोबर विजा आणि गारा येतात. उघड्या माळावर तंबू हा आसरा नव्हे. पश्चिमेला आभाळ काळंनिळं होऊ लागलं की सगळ्यांनी गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं, हा नियम मुलांना आधीच सांगून ठेवावा. एन्व्हायर्नमेंट कॅनडाचे इशारे निघण्यापूर्वी आणि मुक्कामी, दोन्ही वेळा पाहावेत.

४. तलाव शांत दिसला तरी तो जलाशय आहे

डीफेनबेकरमध्ये येणारं बरंचसं पाणी रॉकी पर्वतातल्या बर्फाचं आहे. त्यामुळे जूनमध्येही ते अंगावर काटा आणतं. पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते आणि गेल्या वर्षीचा उथळ किनारा या वर्षी तसाच असेल असं नाही. लांबलचक पात्रावर वारा सुटला की लाटा झपाट्यानं वाढतात. पोहता येणाऱ्यानंही कयाकमध्ये लाइफ जॅकेट घालूनच बसावं. कयाक सकाळी लवकर काढावी आणि दुपारच्या वाऱ्याआधी परतावं.

उन्हाळ्याच्या शेवटी माळावरच्या काही तलावांत निळं-हिरवं शेवाळ साचतं. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग दिसला, तर मुलांना आणि कुत्र्याला आत सोडू नये. एका तलावातून दुसऱ्या तलावात जाताना बोट स्वच्छ करून, पाणी काढून, वाळवूनच न्यावी. परके शिंपले एकदा शिरले की ते काढता येत नाहीत. सगळ्या तलावाचं नुकसान होतं.

५. पावसानंतरचा मातीचा रस्ता हा रस्ता नसतो

दक्षिणेकडच्या चिकणमातीला इथले लोक 'गंबो' म्हणतात. कोरडी असताना ती सिमेंटसारखी टणक असते. पाऊस पडला की चाकांना लगदा चिकटत जातो आणि दणकट फोर-व्हील गाडीही जागची हलत नाही. म्हणून खडी नसलेल्या रस्त्यावर पावसाच्या शक्यतेत जाऊ नये. आणि अडकलातच, तर धीर धरून माती वाळू द्यावी.

स्विफ्ट करंट सोडतानाच टाकी पूर्ण भरावी. मोबाइलची रेंज बऱ्याच भागात जाते, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि कुठे चाललो, कधी परतणार हे कुणाला तरी सांगून निघावं. माणशी भरपूर पिण्याचं पाणी गाडीत असावं.

६. गवत वाचायला वेळ द्यावा लागतो

दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर व्हॅल मारी हे चिमुकलं गाव आणि त्याला लागून ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा पश्चिम भाग. फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यातल्या कॅम्पग्राउंडवर सावलीला झाड नाही. आपली सावली आपणच न्यायची. पण याच भागात काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगच्या कॅनडातल्या एकमेव रानटी वसाहती आहेत. बिळाच्या तोंडाशी उभं राहून हे खारीच्या कुळातले प्राणी एकमेकांना हाका घालतात. त्यांची रिकामी बिळं बिळातल्या घुबडांना आणि सापांना घर देतात. शंभराहून अधिक वर्षं नाहीसे झालेले बायसन २००५ च्या अखेरीस एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानातून इथं आणले गेले. आज ते मोकळे चरताना दिसतात. त्यांच्यापासून किमान शंभर मीटर दूर राहावं. रॅटलस्नेकचा प्रदेश असल्यानं घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत आणि दगडाखाली हात घालू नये.

मी सोलापूरकडची. नान्नजच्या माळावर माळढोकाचं अभयारण्य १९७९ साली झालं आणि तरीही तो पक्षी आमच्या डोळ्यांदेखत दिसेनासा होत गेला. इथला सेज ग्राउझ हाही गवताळ माळावरचाच पक्षी. कॅनडात तो आता फक्त सस्कॅचेवानच्या नैऋत्य आणि अल्बर्टाच्या आग्नेय कोपऱ्यात उरला आहे. दोन्हीकडे कारण एकच: गवताळ जमिनीला लोकांनी पडीक मानलं. झाड तोडलं तर आपल्याला कळतं, गवत नांगरलं तर कळत नाही. म्हणून या उद्यानात मुलांना घेऊन गुडघ्यांवर बसावं आणि हातभर जमिनीत किती प्रकारची गवतं, फुलं आणि किडे सापडतात ते पाहावं.

मे-जूनमध्ये अशा फेरफटक्यानंतर गोचिडी तपासणं हा दिनक्रमाचा भाग असावा. पॅन्ट मोज्यांत खोचावी आणि संध्याकाळी मुलांच्या मानेपाशी, कानामागे, केसांत नीट पाहावं.

७. रात्रीसाठी जागं राहा

ग्रासलँड्स आणि पश्चिमेकडचं सायप्रस हिल्स ही दोन्ही उद्यानं गडद आभाळाची राखीव क्षेत्रं म्हणून मान्यता पावली आहेत. जूनमध्ये इथं सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळतो आणि काळोख दाटायला आणखी बराच वेळ लागतो. लहान मुलांना आकाशगंगा दाखवायची असेल, तर ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडावा आणि अमावास्येच्या आसपासचे दिवस पाहावेत. विजेरीवर लाल कागद लावावा, गाडीचे दिवे बंद ठेवावेत. उत्तरेकडचं आभाळ मोकळं दिसेल असं बसावं. नशीब असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसतो.

८. ज्या जमिनीवर तंबू ठोकता तिचा इतिहास जाणून घ्या

स्विफ्ट करंटच्या पश्चिमेला, मेपल क्रीक गावाच्या दक्षिणेला सायप्रस हिल्स. भोवतालच्या माळापासून शेकडो मीटर उंच उठलेलं हे पठार. हिमयुगात सगळा प्रदेश बर्फाखाली होता, तेव्हाही याचा माथा वर राहिला. वर लॉजपोल पाइनचं थंड जंगल आहे. जुलैच्या उन्हात माळावरून तिथं पोचलं की दुसऱ्या प्रदेशात आल्यासारखं वाटतं.

याच टेकड्यांत १८७३ साली अमेरिकेतून आलेल्या लांडगेशिकाऱ्यांनी नाकोडा लोकांची कत्तल केली. तिथून जवळच १८७५ साली माउंटेड पोलिसांनी फोर्ट वॉल्श हे ठाणं उभारलं. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. बायसन संपले, उपासमार आली आणि आदिवासी समाजांना या टेकड्या सोडायला भाग पाडलं गेलं. नेकानीट समाजाचे लोक मात्र हटले नाहीत आणि आजही मेपल क्रीकजवळ आहेत. हा सगळा परिसर १८७४ साली आदिवासी समाजांशी झालेल्या चौथ्या कराराच्या भूमीत येतो. माळावर वर्तुळात मांडलेले दगड दिसले, तर ती टिपी तंबूंची जुनी खूण असते. त्यातला एकही दगड हलवू नये.

आपल्या शहरातून वाहणारा स्विफ्ट करंट क्रीक याच टेकड्यांच्या पूर्व अंगाला उगम पावतो, डीफेनबेकरला मिळतो आणि त्याचं पाणी शेवटी हडसनच्या उपसागरात जातं. त्याच टेकड्यांतून निघणारी फ्रेंचमन नदी ग्रासलँड्समधून दक्षिणेला जाऊन मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला मिळते. एवढा मोठा जलविभाजक आपल्या घराजवळ आहे, हे मुलांना नकाशावर दाखवावं.

९. चूल आणि सरपण जपून

सरपण सोबत नेऊ नये, तिथंच घ्यावं. लाकडाबरोबर कीड आणि रोग प्रवास करतात. डच एल्म रोगामुळे एल्मचं लाकूड नेणं-साठवणं सस्कॅचेवानमध्ये बेकायदा आहे. कोरड्या उन्हाळ्यात उघड्या जाळावर बंदी येते, म्हणून गॅसची शेगडी कायम बरोबर हवी. तेव्हाही बंदीचे नियम वाचून घ्यावेत. थालीपिठाची भाजणी, भाजलेलं बेसन, कोरडी लसणीची चटणी, मेतकूट एवढं घेतलं की दोन दिवसांची चिंता मिटते. निजण्यापूर्वी अन्न गाडीत बंद करावं, जाळ पाणी ओतून हाताला गार लागेपर्यंत विझवावा.

१०. आई-वडील आले की बेत त्यांच्या बेतानं करा

भारतातून आलेल्या ज्येष्ठांना जमिनीवर झोपण्याचा आग्रह करू नये. काही उद्यानांत केबिन किंवा पलंगासह उभारलेले तंबू भाड्यानं मिळतात, ते आधी राखून ठेवावेत. एरवी दिवसभराची सहलही पुरे. शहरातच क्रीकच्या काठानं जाणारी चिनूक पार्कवेची पायवाट आहे. संध्याकाळी तिथं कुंपणाच्या खांबावर बसून गाणारा मेडोलार्क पक्षी ऐकायला कोणताही परवाना लागत नाही.

बॅन्फला जरूर जा. पण त्याआधी एक उन्हाळा या माळाला द्या. एक मुक्काम तलावाकाठी, एक सायप्रस हिल्समध्ये, एक व्हॅल मारीच्या गवतात. जिथं राहतो ती जमीन ओळखीची झाली की मगच ते गाव आपलं होतं. आरक्षणाच्या तारखा जाहीर झाल्या की पहिलं नाव तुमचं लावा.