गाड्यावरचा रंधा

पायाच्या अंगठ्याचं नख एकदा गेलं की नवं पुरतं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. माझं अजून अर्ध्यावरच आहे. मोजा घालताना रोज त्याची आठवण होते, म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

निवृत्तीनंतर मी सुतारकामाला लागलो. कोथरूडच्या आमच्या इमारतीत पार्किंगमधला एक शटरचा गाळा माझ्या वाट्याला आहे. नऊ फूट बाय सोळा. त्यातच स्कूटर, नातवाची सायकल आणि गणपतीच्या मखराचं सामान. तेव्हा काम करायचं तर मशीन बाहेर काढायची आणि संध्याकाळी आत ढकलायची, हे ओघानंच आलं. टेबल सॉ आला, मायटर सॉ आला, तोवर हे हातांवर निभलं. मग प्लेनर घेतला. फळी एका जाडीची करून देणारा विजेचा रंधा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्याचं सागवान आणायचं आणि रंधायला दुसऱ्याच्या दारात ताटकळायचं, याचा कंटाळा आला होता.

अशा मशीनला ‘बेंचटॉप’ म्हणतात. म्हणजे टेबलावर ठेवायचं, सुटसुटीत. माझ्या प्लेनरचं वजन आहे 42 किलो. गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा. म्हणजे हा दीड सिलिंडर, तोही धरायला कडी नसलेला. पहिल्या दोन वेळा मी आणि वॉचमननं मिळून उचलला. तिसऱ्या वेळी त्यानं ‘साहेब, कंबर धरलीय’ असं सांगितलं, तेव्हा मी चाकांचा स्टँड मागवला.

स्टँड फोटोत झकास दिसत होता. पत्र्याचे दुमडणारे पाय, वर एमडीएफची फळी, खाली चार छोटी चाकं, दोनांना ब्रेक. भारक्षमता 100 किलो. माझं मशीन 42. दुपटीहून जास्त मोकळीक आहे म्हटल्यावर मी बाकी काही पाहिलंच नाही. बँकेत तीस वर्षं लोकांना ‘खालची बारीक अक्षरं वाचा’ असं सांगितलेला माणूस मी.

पावसाचं पाणी जावं म्हणून आमच्या पार्किंगच्या तोंडाशी आडवी चर आहे आणि तिच्यावर लोखंडी जाळी. पट्ट्यांमधली फट 25 मिलिमीटर. स्टँडच्या चाकाचा व्यास 50, जाडी 20. हे आकडे मी नंतर मोजले. त्या दिवशी एवढंच कळलं की पुढचं एक चाक फटीत बसलं आणि गाडा थबकला. मी मशीनची वरची कड धरून गाडा स्वतःकडे ओढत होतो. अडल्यावर माणूस जे करतो तेच केलं, जोरात हिसका दिला. खालचा भाग जागच्या जागी, वरचा माझ्याकडे. मी मागे उडी मारली, पाऊण पाय सुटला, अंगठा राहिला. मशीनच्या बाजूचा ओतीव भाग तडकला आणि वर-खाली करायचा दांडा वाकला.

पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या मी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. स्टँडची चाकं पुढे-मागे 44 सेंटिमीटर अंतरावर. मशीन आणि स्टँड मिळून 54 किलो, पण जवळजवळ सगळं वजन वर, जमिनीपासून 80-85 सेंटिमीटरवर. म्हणजे गाडा जेमतेम पंधरा अंश कलला की त्याचा परतीचा रस्ता बंद. स्टिकरवरच्या शंभर किलोनी याबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. तो आकडा एवढंच सांगतो की सपाट जमिनीवर, अगदी मध्यभागी, हळूच ठेवलेलं वजन पाय न वाकता उभं राहील.

पुढचा हिशेब केला तेव्हा मात्र खरा घाम फुटला. आठ फुटी, आठ इंच रुंद, दीड इंच जाड सागवानी फळी साधारण बारा किलोची. तिचं शेवटचं टोक मशीनमध्ये असतं तेव्हा उरलेली सगळी फळी पलीकडे लटकत असते आणि तिचा मध्य मशीनपासून सुमारे 110 सेंटिमीटर दूर. तिकडच्या चाकांच्या रेषेवरून मोजलं तर मशीन आणि स्टँड मिळून 54 गुणिले 22, म्हणजे 1188. आणि फळी 12 गुणिले 88, म्हणजे 1056. निसटता विजय. आता यात फिरत्या चाकांची खोड मिळवा. फिरतं चाक आपल्या खिळीच्या बरोबर खाली टेकत नाही, थोडं बाजूला टेकतं. चाकं बाहेरच्या बाजूला वळली तर पाया वाढतो, आत वळली तर घटतो. तीन-तीन सेंटिमीटर आत वळली की 22 चे 19 होतात. मग आपली बाजू 1026 आणि फळीची 1092. चालू मशीनसकट गाडा फळीच्या दिशेनं जाणार. हे आजवर झालं नाही, याचं कारण पलीकडून फळी धरायला आमची ही उभी असायची. तिला मी हे आकडे दाखवले. ती म्हणाली, ‘मग मशीन मीच धरून ठेवलं होतं म्हणा की.’

बरं, पडलं नाही तरी स्टँड डुलत होताच. फळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत पातं जरा खोल जाऊन खड्डा पडायचा आणि मी पात्यांना दोष देत बसायचो. शेवटाला फळी खाली झुकते आणि स्टँडही तिच्याबरोबर मान डोलावतो, हे ध्यानात यायला चार सागवानी फळ्या वाया गेल्या. मशीन बंद असताना हात टेकवून स्टँड आडवा-तिडवा हलवून बघा. बोटभर हलला तरी तो स्टँड प्लेनरसाठी नाही.

चाकं घ्यायला मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘काका, फरशी कसली?’ मला तो फार आवडला, कारण वजनाच्या आधी जमीन विचारली. गुळगुळीत फरशीवर नायलॉनचं कडक चाक भुर्रकन पळतं, पण खडखडाट करतं आणि ब्रेक लावला तरी घसरतं. मऊ रबर चांगलं पकडतं, पण जड मशीन महिनोन्‌महिने एका जागी उभं राहिलं की एका बाजूनं चपटं होतं. आमच्यासारख्या खडबडीत कोब्याला मधला मार्ग म्हणजे पॉलियुरेथेन, दुकानात ज्याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात. आणि व्यास मोठा घ्या. बारा मिलिमीटरचा उंबरठा चढायला चार इंची चाकाला दोन इंचीच्या जवळपास निम्मा जोर लागतो. भार मोजताना एकूण वजनाला चारानं नाही, तीनानं भागायचं. उंचसखल जमिनीवर चौथं चाक बहुतेक वेळा अधांतरीच असतं. ब्रेक घ्यायचाच तर चाकाचं फिरणं आणि खिळीतलं वळणं, दोन्ही अडवणारा घ्या. साध्या ब्रेकमध्ये चाक थांबतं, पण गाडा त्याच्याभोवती फुगडी घालतो.

एवढी विद्या घेऊन मी घराबाहेरच्या रसवंतीवर रस प्यायला थांबलो, आणि सगळा विचार तिथे फिरला. त्याचा चरक चांगला जड. गाड्याला चाकं आहेत, पण धंदा सुरू करताना त्यानं गाड्याखाली चारी कोपऱ्यांत विटा लावून चाकं चक्क हलकी केली होती. चाक नेण्यापुरतं, काम जमिनीवर. मी तोवर चांगला ब्रेक शोधत होतो आणि याला ब्रेकच नको होता.

तेव्हा स्टँड पाहायला जाल तर आधी हे विचारा की काम करताना चाकं जमीन सोडतात का. बाजारात पायाच्या पेडलनं चाकं खाली-वर करणारे स्टँड मिळतात. कंबर दुखणाऱ्यांनी तेच घ्यावेत, पैसे जास्त जातात तरी. मी माझा धायरीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला. 40 बाय 40 चा चौकोनी पाइप, 2 मिलिमीटर जाड, पाय खाली फाकवलेले. जमिनीवर पाया 75 बाय 60 सेंटिमीटर, वर मात्र मशीनपुरता. एका टोकाला पाच इंची दोन फिक्स चाकं, जमिनीपासून कागदी पुठ्ठ्याएवढी वर. दुसऱ्या टोकाला दोन दांडे. दांडे उचलले की चाकं टेकतात आणि हातगाडीसारखं ढकलायचं. वीस किलोच्या आसपास उचलावे लागतात. खाली ठेवलं की चार पाय, बस्स. पायांना फिरवून उंची जमवायचे स्क्रू आहेत, कारण पार्किंगची जमीन पाण्यासाठी उतरतीच असते. फॅब्रिकेटर म्हणाला, ‘काका, चाकं चारही लावू का? शोभून दिसेल.’ त्याला रसवंतीची गोष्ट सांगितली.

खालच्या कप्प्यात शहाबादी फरशीचे उरलेले तुकडे घातले आहेत, पंचवीसेक किलो. ते उचलायला लागत नाहीत, कारण चाकांच्या बाजूलाच रचलेत. मशीनच्या बुडाला भोकं दिलेली असतात ती शोभेची नव्हेत. त्यांतून आठ मिलिमीटरचे बोल्ट आरपार, खाली रुंद वॉशर आणि नायलॉनची कडी असलेले नट. साधे नट थरथरीनं ढिले होतात. प्लाय किंवा एमडीएफमध्ये नुसते स्क्रू पिळून भागवू नका. माझ्या पहिल्या स्टँडचे स्क्रू पडताना लोण्यातून निघावेत तसे निघाले.

मायटर सॉला एवढं सगळं नको. तो हलका, जाग्यावर कापतो, फळी दोन्ही बाजूंना आधारावर असते. त्याला दुमडणारा स्टँड चालतो. टेबल सॉला आपण लाकूड पुढे लोटतो, म्हणून त्याचा पाया लोटायच्या दिशेनं लांब हवा. उभं ड्रिल मशीन सगळ्यांत फसवं: वजन डोक्यात, बूड चिमुकलं. ते मी चाकांवर ठेवणारच नाही.

आणि नेताना मशीन ओढू नका, ढकला. पडलंच तर तुमच्यापासून दूर पडू दे. हात वरच्या कडेला नको, कमरेखाली. वायर काढून गुंडाळा, नाहीतर ती हमखास चाकाखाली येते. जाळीवर मी आता प्लायचा तुकडा टाकतो.

मशीन जिथे उभं करायचं तिथे कोब्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं चार ठिपके काढले आहेत. पाय त्यांवर आले की पाणसळीतला बुडबुडा मध्ये येतो, स्क्रू पुन्हा फिरवावे लागत नाहीत. फक्त रविवारी सकाळी त्यांतल्या दोन ठिपक्यांवर वरच्या मजल्यावरच्यांची स्कूटर असते.