सांगून टाकल्यानंतरचं राजकारण

राजापूर तालुक्यात गेली बरीच वर्षं मी कार्यकर्ता म्हणून वावरतोय. रेशनकार्ड, सातबारा, उन्हाळ्यातले टँकर, मोर्चे, निवडणुका. मी समलिंगी आहे हे इथे आता उघड आहे. मी स्वतः कधी निवडून आलो नाही, पण दुसऱ्यांच्या राजकीय वाटचाली मन लावून वाचतो. त्यात सगळ्यांत जवळची वाटते ती लिओ वराडकरांची. ते आयर्लंडचे माजी पंतप्रधान खरे, पण त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आणि वराड २००९ पर्यंत आमच्याच राजापूर लोकसभा मतदारसंघात होतं, नाथ पै आणि मधु दंडवते ज्या मतदारसंघातून निवडून गेले त्याच. त्यामुळे हा माणूस मला परका वाटतच नाही. त्यांच्याकडून आणि इथल्या रस्त्यांवरून जे उमजलं, ते असं.

१. गावाला आधीच माहीत असतं. चाळिशी ओलांडलेल्या बाप्याला एका वर्षी अचानक कुणी लग्नाचं विचारेनासं होतं, तेव्हा समजावं की वाडीनं आपापसात निकाल लावला आहे. या न विचारण्यात माया असते, ती मी नाकारणार नाही. आजारपणात डबा आणून देणाऱ्या काकूंनी कधी एक प्रश्न केला नाही. पण निवडणूक लागली की हेच न बोललेलं विरोधकांच्या हातात सापडतं. चहाच्या टपरीवर नुसतं हसलं तरी पुरतं. ज्याच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि ज्यानं स्वतः काही सांगितलेलं नाही, त्याच्याकडे उत्तर द्यायला जागाच उरत नाही. २०१८ च्या ६ सप्टेंबरला समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ कलमाचा निकाल आला. गणपती आठवड्यावर होते, चाकरमानी यायला लागले होते. त्या वर्षी घर भरलेलं असताना मी सांगितलं. आरती थांबली नाही, भजनही झालं. थोरल्या चुलत्यांनी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, ‘तुझा तू बघ, पण वाडीत टँकर कधी येतो ता सांग.’ मी ते वाक्य मनात पुष्कळ उलटसुलट केलंय. त्यात टाळणं आहे का? आहे. पण माझं काम माझ्याकडेच राहील, ही ग्वाहीही आहे.

२. बोलण्याआधी वॉर्ड बांधावा लागतो. लिओ वराडकर २०१५ च्या १८ जानेवारीला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरटीई रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं बोलले. तेव्हा ते आरोग्यमंत्री होते. लोक तेवढंच सांगतात. मला मात्र त्याच्या आधीची वर्षं मोलाची वाटतात. १९९९ मध्ये, वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच, त्यांनी स्थानिक निवडणूक लढवली आणि हरले. २००३ मध्ये फिंगल काउंटी कौन्सिलमध्ये रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांना घेतलं. पुढच्याच वर्षी ते लोकांमधून निवडून आले, तेही ४,८९४ पहिल्या पसंतीच्या मतांनी, त्या वर्षी देशातल्या कुठल्याही कौन्सिल उमेदवारापेक्षा जास्त. वडील अशोक वराडकर डॉक्टर, आई मिरियम परिचारिका. आजूबाजूची घरं त्यांना दवाखान्यामुळे ओळखत असणार. मग २००७ मध्ये संसद, २०११ मध्ये वाहतूक मंत्रालय, २०१४ मध्ये आरोग्य. म्हणजे रेडिओवर बसलेल्या माणसाला त्याच्या भागातले लोक बारा वर्षं नगरसेवक आणि खासदार म्हणून वापरत आले होते. ‘वापरत’ हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. लोकप्रतिनिधी वापरायचाच असतो.

त्या मुलाखतीतलं मला सर्वांत पटलेलं कारण वेगळंच होतं. समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरची बंदी, सरोगसीचा कायदा, विवाहाचं सार्वमत, असे विषय त्यांच्या सरकारसमोर होते. त्यांत आपला काही छुपा हेतू आहे असं लोकांना वाटू नये, म्हणून सांगतो, असा त्यांचा सूर होता. स्वतःच्या मोकळेपणापेक्षा मतदाराचा हिशेब स्वच्छ राहावा याची काळजी त्यांना अधिक होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, २२ मे २०१५ ला, आयर्लंडच्या ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूनं मत दिलं. कायदेमंडळाऐवजी थेट जनतेच्या मतानं हा हक्क देणारा तो पहिला देश. आणि दोन वर्षांनी, १४ जून २०१७ ला, अडतिसाव्या वर्षी ते पंतप्रधान झाले.

३. पण त्यांच्या आधी कुणीतरी वाट खणलेली होती. ब्रिटिशांच्या १८६१ च्या कायद्यानं आयर्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्हा होते, आणि आपल्याकडे ते १८६० च्या दंडसंहितेनं गुन्हा ठरवले. आयर्लंडमध्ये डेव्हिड नॉरिस यांनी आपल्याच देशाविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, १९८८ मध्ये जिंकले, आणि तरीही तिथला कायदा बदलायला १९९३ उजाडलं. तेव्हा लिओ चौदा वर्षांचे होते. हे नॉरिसही राजकारणीच, १९८७ ते २०२४ सिनेटर. उलट वराडकरांनी २०१० मध्ये नागरी भागीदारीच्या चर्चेत, प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोघांचाही हक्क आहे, असं म्हटलं होतं. चळवळीतल्या माणसांना ते खुपलं असणार. मला ते वाचून दिलासाच मिळाला. आपल्यातला प्रत्येक जण आधीपासून झेंडा हातात घेऊन उभा नसतो. काहींना तिथवर चालत यावं लागतं.

आपल्याकडे ती वाट खणणारे मुंबईत अशोक राव कवी, ज्यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे, ज्यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत, सरळ भाषेत पुस्तकं लिहिली. खिरे मराठीत लिहीत राहिले याचं मोल राजापुरात कळतं. इंग्रजीतलं कितीही चांगलं पुस्तक मी माझ्या आईच्या हातात देऊ शकलो नसतो.

४. आंदोलनात कुणी घरचं विचारत नाही. एप्रिल २०२३ हा महिना मी विसरणार नाही. इकडे बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झालं होतं. बायका तापलेल्या रस्त्यावर आडव्या पडत होत्या. जवळच हजारो वर्षांची कातळशिल्पं, वर वैशाखाचं ऊन. आणि तिकडे दिल्लीत, १८ एप्रिलपासून, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे समलिंगी विवाहाची सुनावणी चालू होती. ती थेट प्रक्षेपित होत होती. सड्यावर जिथे रेंज मिळेल तिथे मी मोबाइल धरून एका कानानं ती ऐकत होतो, दुसऱ्या कानानं घोषणा. एक दिवस शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, ‘काय ऐकतंस रे?’ मी खरं ते सांगितलं. दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करता यावं का, यावर कोर्टात बोलणं चालू आहे. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, मग जमिनीच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागणार?

दिल्लीतले मोठमोठे वकील त्या आठवड्यांत वारसा, दत्तक, विमा, रुग्णालयातली सही यांवर जे बोलत होते, त्याचं मूळ त्या आजींनी एका प्रश्नात धरलं होतं. ज्या बाईनं आयुष्यभर जमिनीचा कागद जपला, आणि आता त्याच कागदासाठी पोलिसांच्या गाडीसमोर झोपली, तिला नात्याचा कागद का हवा हे समजावून सांगावं लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं, आणि विवाहाशिवायच्या नात्याला मान्यता द्यायलाही तीन विरुद्ध दोन असा नकार मिळाला. मला फार लागलं ते. त्या आजी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आमचाही निकाल लागला नाही अजून.

५. अर्जातला रकाना हा राजकारणातला सगळ्यांत कठीण भाग आहे. भाषणात माणूस काहीही बोलू शकतो, रकान्यात नाही. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचं उदाहरण मी तालुक्यातल्या प्रत्येक शिबिरात सांगतो. त्या तृतीयपंथी आहेत. महिलांसाठी राखीव जागेवर त्यांनी स्त्री म्हणून अर्ज भरला, तो बाद झाला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी २०२१ च्या सुरुवातीलाच न्यायालयानं त्यांना स्त्री म्हणून लढायला परवानगी दिली. त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं त्याआधी, २०१७ मध्ये, ज्ञानदेव ऊर्फ माऊली कांबळे यांना थेट सरपंच म्हणून निवडलं होतं. त्यांची लढाई आणि माझी लढाई एक नाही, हे मला ठाऊक आहे. तृतीयपंथी माणसाला लपायची सोय नसते, आमच्यासारख्यांना असते. त्या सोयीमुळेच आम्ही मागे राहिलो, असं माझं स्पष्ट मत आहे. गावानं त्यांना मतं दिली, कारण ते गावासमोर उभे होते.

आमच्या रकान्याचं नाव पती/पत्नी. शपथपत्रात स्वतःची, पती किंवा पत्नीची, अवलंबितांची मालमत्ता लिहायची असते. ज्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलं त्याचं नाव तिथे लिहायची मुभा नाही. लिहिलं नाही तर लपवलं असंही कुणी म्हणू शकत नाही. कायद्याच्या लेखी तिथे कुणी नाहीच.

६. मुंबईला पळून गाव सुटत नाही. गावाचं मुंबई मंडळ लालबागच्या एखाद्या खोलीत बसून सरपंच ठरवतं, हे कोकणात लहान मुलालाही माहीत आहे. आमची बरीच पोरं लपायला मुंबईत जातात आणि गणपतीला, शिमग्याला पालखी नाचवायला परत येतात. मला वाटायचं, मुंबईकर मोकळे असतील. पण मंडळाची बैठक वाडीपेक्षा जास्त सांभाळून बोलते, आणि मोकळेपणानं माझी बाजू घेणारे बहुतेक जण मला वाडीत राहणारेच मिळाले.

७. पदाचं कौतुक लवकर होतं, माणसाचं सावकाश. २०१७ मध्ये मराठी वर्तमानपत्रांनी मालवणच्या मातीतला माणूस म्हणून वराडकरांचं भरभरून कौतुक केलं. २९ डिसेंबर २०१९ ला ते कुटुंबासह वराडला आले, ग्रामदेवतेचं दर्शन घेतलं, गावानं मनापासून स्वागत केलं. मलाही ऊर भरून आला. पण त्या दिवसांत आमच्याकडच्या एका मुलानं मला विचारलं, पंतप्रधान झालो तरच चालेल का? त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. नाथ पैंची पत्नी ऑस्ट्रियाची होती. या मतदारसंघानं त्यांना तीनदा निवडून दिलं आणि त्या घराला आपलं म्हटलं. तेव्हा राजापूरला माणूस स्वीकारता येत नाही, असं मी मानत नाही. पण नाथ पैंना पत्नीला सोबत घेऊन लोकांसमोर येता येत होतं. त्या मुलाला अजून तसं येता येत नाही.

८. पक्ष उशिरा जागे होतात, पण होतात. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसनं महाराष्ट्रात एलजीबीटी सेल सुरू केला. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते चर्चेला न येताच २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर संपलं. खासगी विधेयकांना राजापूरकरांनी कमी लेखू नये. घटनादुरुस्तीच्या अधिकारावरचं नाथ पैंचं विधेयकही खासगीच होतं, आणि त्यावर देशभर चर्चा झाली. सुळेंचं विधेयक कुणीतरी पुन्हा मांडायला हवं. मी आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना तसं लिहून दिलं आहे, आणि भेटतील तिथे विचारत राहणार आहे.

‘पंतप्रधान झालो तरच चालेल का’ असं विचारणारा तो मुलगा आता गावात राहतो, आंब्याची कलमं बघतो, ग्रामसभेत पाणी योजनेवर तावातावानं बोलतो. येत्या ग्रामपंचायत निवडणुकीत उभं राहायचं म्हणतोय. वाडीतल्या बायकांनीच त्याला तयार केलंय. पती/पत्नीच्या रकान्यात तो ‘लागू नाही’ असं लिहील, आणि पहिल्याच सभेत ते का लिहिलं हे स्वतः सांगेल, असं त्यानं ठरवलंय. छाननीच्या दिवशी कुणी हरकत घेतली, तर उत्तर तयार असावं म्हणून अंजली पाटील यांच्या निकालाची प्रत मी काढून ठेवली आहे. सूचक म्हणून सही करायला दोन जण पुढे आले आहेत. त्यांतले एक माझे चुलते.