उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली तर

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातला ऊस बिबट्याच्या मादीला घरासारखाच असतो. दाट आडोसा, जवळ पाटाचं पाणी आणि वस्तीभोवती कुत्री. ती तिथेच विते. मग तोड सुरू झाली की पाचटाखाली दोन-तीन ठिपकेदार पिल्लं दिसतात. ती सहसा टाकून दिलेली नसतात. आई शिकारीला गेलेली असते किंवा माणसांच्या आवाजाने शेजारच्या उसात सरकलेली असते.

पहिलं काम म्हणजे कोयते थांबवायचे आणि माणसं बाहेर काढायची. बांधावर झोळीत निजवलेलं तान्हं मूल आणि वाढं गोळा करणारी पोरं सर्वांत आधी. या भागात बिबट्याने लहान मुलं मारली आहेत, त्यामुळे ऊसतोड टोळीची भीती खरी आहे. सगळ्यांनी मिळून, आपसात बोलत बाहेर पडावं. मागे एकट्याने थांबू नये.

पिल्लांना हात लावू नका. गाईचं दूध पाजू नका. त्याने जुलाब लागतात, आणि जबरदस्तीने पाजलेलं श्वासनळीत जाऊन पिल्लू दगावतं. ओळखीसाठी लांबून एखादा फोटो पुरे. पिल्लं मांडीवर घेऊन फोटो काढण्याची हौस तर निक्षून मोडून काढा. फड पेटलेला असेल किंवा तोडणी यंत्र अंगावर येत असेल, तरच हातमोजे किंवा गोणपाट वापरून पिल्लं त्याच शेताच्या कडेला सावलीत ठेवा आणि मूळ जागेवर खूण करा.

मग वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या वनरक्षकाला फोन करा. गाव, गट नंबर, पिल्लं किती, डोळे उघडलेत का, मादी दिसली का, एवढं नीट सांगा. साधारण दहा दिवसांच्या आतलं पिल्लू डोळे मिटलेलं असतं. ठिपके तांबूस आणि अंग अगदीच चिमुकलं असेल, तर ती वाघाटी या लहान रानमांजराचीही पिल्लं असू शकतात. तरी कळवायचंच.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे. त्याला मारणं तर गुन्हा आहेच, पिल्लू पकडून घरी नेणंही गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि दंड. वन्यप्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत कळवण्याचं बंधन आहे, पण इथे एवढा वेळ घालवून चालत नाही. पिल्लं त्याच रात्री आईकडे गेली पाहिजेत.

पुढचं काम वन विभागाचं आणि पशुवैद्यकाचं. जखमा, गोचिड, अशक्तपणा तपासतात. अंधार पडायच्या आधी पिल्लं क्रेटमध्ये घालून, सापडली त्याच जागी ठेवतात आणि समोर ट्रॅप कॅमेरा लावतात. जागा महत्त्वाची, कारण मादी शोधायला तिथेच येते. क्रेट पाडून ती एकेका पिल्लाला मानेला धरून नेते.

गावाचं काम त्या रात्री तिथे न जाणं हे आहे. बॅटऱ्या, फटाके, गाड्यांचे दिवे, काहीही नको. सरपंच आणि पोलीस पाटलांनी रस्त्यावर उभं राहून गर्दी परत पाठवावी. पिल्लं न भेटलेली मादी वस्तीभोवती घिरट्या घालते, म्हणून हा संयम गावाच्याही सुरक्षेचा आहे. तिला पिंजऱ्यात धरून लांब सोडा, ही मागणी लगेच होते. जुन्नरमध्ये २००० नंतरच्या काळात असे बिबटे हलवून पाहिले, आणि सोडलेल्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले, असं वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं.

पहिल्या रात्री मादी आली नाही तर पुन्हा प्रयत्न करतात. पिल्लं आजारी असतील किंवा आई येतच नसेल, तर जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचा मार्ग उरतो. तिथे वाढलेलं पिल्लू पुन्हा रानात जगणं फार अवघड, म्हणून तो शेवटचा.

राहिली तोड. टोळीला मजुरी टनावर मिळते, थांबलेला दिवस त्यांच्या पोटावर येतो. तेव्हा मालकाने आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयने त्याच दिवशी टोळीला दुसरा फड द्यावा. पिल्लं हलल्याचं वनरक्षकाने सांगितल्यावरच हा फड पुन्हा धरावा, तोही दिवसाउजेडी आणि एकाच बाजूने तोडत, म्हणजे आत कोणी असेल तर त्याला दुसरीकडून निघता येईल.