दारू थांबते तेव्हा: यकृत आणि अंगाची थरथर

४२.८ टक्के मद्यार्काच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढते, त्यामुळे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर त्याला पहाटेपर्यंत पुरते. अल्कोहोल मोडताना ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि यकृताच्या पेशींत चरबी साठते. या टप्प्यावर बहुतेकांना काहीच त्रास नसतो; दारू पूर्ण थांबवल्यास काही आठवड्यांत चरबी उतरतेही. चालूच राहिली तर यकृताला सूज येते आणि पुढे सिरॉसिस (यकृत घट्ट, व्रणयुक्त होणे) होऊ शकतो: कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी. सिरॉसिस झाल्यावरही दारू सोडल्याने आयुष्य वाढते.

नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीत काय किंवा गावी काय, रोज पिणाऱ्याची दारू अनेकदा ठरवून नव्हे तर अडून सुटते: ड्राय डेला, प्रवासात, काविळीने रुग्णालयात भरती झाल्यावर. सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात. माणूस चादरीवरचे नसलेले किडे झटकत बसतो. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. ‘सोडली म्हणून बाधली’ असे समजून घरचेच पेग पाजतात, हे फार घातक. ही थरथर दारूला सरावलेल्या मेंदूची असते. यकृताची सुधारणा त्याच दिवसांत सुरू झालेली असते.

म्हणून रोज पिणाऱ्याने, विशेषतः पूर्वी आकडी आलेल्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. थरथर आणि आकडी रोखण्यासाठी दिले जाणारे क्लोरडायझेपॉक्साइड खराब यकृतात साचते, म्हणून अशा रुग्णांसाठी लोराझेपाम निवडतात. ग्लुकोज लावण्याआधी थायमिनचे (बी-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन द्यावे लागते. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम यकृताला इजा करू शकते. ते चोरून चहात वा जेवणात मिसळणे हा तर जिवाशी खेळ आहे. अंगदुखीवर मनाने पॅरासिटामॉल किंवा काविळीवर झाडपाला घेऊ नये.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण केंद्र चालते. आकडी, भास, रक्ताची उलटी किंवा गुंगी असल्यास मात्र थेट रुग्णालय गाठावे. तिथे रोजचे प्रमाण, शेवटचा पेग कधी घेतला, आधी आकडी आली होती का, आणि रासायनिक कारखान्यात काम असल्यास कोणती द्रावके हाताळली जातात, हे सगळे न लपवता सांगावे. काही द्रावके दारूइतकीच यकृताला मारक असतात.