शरीरशास्त्र पाठ करावें कीं पडताळून पाहावें ?

मनुष्याचें हृदय मिनिटास सुमारें ७० वेळां आकुंचन पावतें, हें वाक्य प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. परंतु मनगटावर बोटें ठेवून तें पडताळून पाहणारे थोडेच. महाविद्यालयांतही पुष्कळदां हीच रीत चालते. प्रयोगाचें उत्तर आधींच ठाऊक असतें, आणि गतवर्षीच्या जर्नलांतील आंकडे नव्या जर्नलांत उतरतात. अशानें परीक्षा उत्तीर्ण होतां येईल. विद्या मात्र हातीं लागणार नाहीं.

शास्त्र अशा रीतीनें वाढलें नाहीं. विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदय एका ठोक्यास किती रक्त पुढें लोटतें व अर्ध्या तासांत किती ठोके पडतात, यांचा त्यानें गुणाकार केला. तें रक्त सबंध शरीरांतील रक्ताहून अधिक भरलें! इतकें नवें रक्त अन्नापासून उत्पन्न होणें अशक्य. अर्थात् तेंच रक्त फिरून हृदयाकडे येत असलें पाहिजे. साध्या मोजणीनें सुमारें चौदाशें वर्षांचा समज ढांसळला.

मुंबईंत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना १९७४) हीच वाट दाखवीत आहे. त्याच्या ‘क्यूब’ नांवाच्या उपक्रमांत महाविद्यालयीन विद्यार्थी साधे जीव स्वतः वाढवितात व स्वतःस पडलेल्या प्रश्नांचीं उत्तरें शोधतात. डॅफ्निया हा तळ्यांतील इवलासा प्राणी घ्या. त्याचें शरीर पारदर्शक असल्यामुळें सूक्ष्मदर्शकाखालीं धडधडणारें हृदय चिरफाडीवांचून दिसतें. पाणी गार केल्यास ठोके मंदावतात काय, हें मोजूनच ठरवितां येतें. २०१४ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन थांबविल्यापासून अशा प्रयोगांचें महत्त्व अधिकच वाढलें आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील विद्यार्थीमित्रहो, यासाठीं महाविद्यालयाची वाट कशाला पाहावी? स्वस्थ बसून नाडी तीन वेळां पूर्ण मिनिटभर मोजा. प्रकृति निकोप असल्यास स्टेशनचा पूल एकदां चढून या, आणि नाडी पूर्ववत् होईपर्यंत दर मिनिटाचा आंकडा लिहा. खेळाडू मित्राची नाडी अधिक लवकर स्थिरावते काय? आंकडा पुस्तकाशीं जुळला नाहीं, तरी आलेला आंकडाच लिहा, आणि पुन्हां मोजा.

पालकांनींही ‘किती गुण मिळाले?’ यासोबत ‘आज काय मोजलेंस?’ असें विचारावें. उद्यां ह्याच मुलामुलींतून कोणी परिचारिका, कोणी डॉक्टर होईल. रुग्णाच्या उशाशीं जुनें जर्नल उपयोगी पडत नाहीं. तेथें नाडी खरीच मोजावी लागते.